आतडं काय पालीची शेपटी आहे का?

परवा परभणीहून मामींचा फोन. "अरे, ह्यांना आता सलाईन नको, ग्रुपवर आलंय, कापलेलं आतडं 90 दिवसांत परत येतंय म्हणे." तोच मेसेज, सगळीकडं फिरायलाय: पोटाला पूर्ण आराम द्या, रोज पाच लिटर कोमट पाणी प्या, इंजेक्शनं बंद करा, शरीरातलं हार्मोन आतडं उगवतं पण डॉक्टर लपवतात.

मामांच्या आतड्याचा रक्तपुरवठा रक्ताच्या गुठळीनं बंद पडला, आतडं काळं पडलं, ते कापल्यावर लहान आतडं वीसेक फुटांतलं चार फूट राहिलंय, त्याचं तोंड पोटावर काढून तिथं पिशवी लावलीय, आतड्यातलं सगळं तिच्यात येतं. अशा माणसाला मामींनी सकाळपासून तीन तांबे पाणी पाजलं, दुपारपर्यंत पिशवी चारदा भरली, लघवी चहासारखी, पायात गोळे. अहो, लहान आतड्याचा वरचा भाग मिठाला गळका असतो, नुसतं पाणी गेलं की अंगातलं मीठ आतड्यात उतरतं अन् मिठामागं पाणी, म्हणजे जितकं पाजाल तितकं माणूस सुकतो! म्हणून तर लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलचं मिश्रण देतात, लिटरभर पाण्यात 20 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ, 2.5 ग्रॅम खायचा सोडा. मामांच्या कागदावर हेच लिहिलंय, साधं पाणी दिवसाला अर्धा लिटर, बस.

हार्मोनचं अर्धं खरं आहे, मानतो. जीएलपी-2 नावाचं आहे, त्यानं उंदरांचं आतड्याचं अस्तर वाढतं हे टोरांटोच्या डॅनियल ड्रकर यांनी 1996 ला दाखवलं. पण आतडं फुटानं वाढत नाही, आतले बारीक उंचवटे उंच होतात, शोषण सुधारतं, त्यालाही वर्ष-दोन वर्षं लागतात. अन् ते हार्मोन सुटतं कधी? पोटात अन्न गेल्यावर! मग आराम कसला देताय? वर ते बनवणाऱ्या पेशी लहान आतड्याच्या शेवटाला अन् मोठ्या आतड्यात जास्त, मामांचा नेमका तो शेवटच कापलाय अन् मोठं आतडं जोडलेलं नाही.

लपवतात म्हणे. त्याच हार्मोनवरून केलेलं टेड्युग्लुटाइड अमेरिकेत 2012 लाच मंजूर झालंय. 86 पेशंटवरच्या चाचणीत 24 आठवड्यांनी औषध घेणाऱ्या 63 टक्के लोकांचं सलाईन निदान पाचव्या हिश्शानं कमी झालं, नुसतं पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांतही 30 टक्क्यांचं झालं. कमी झालं बरं का, आतडं उगवलं नाही. एवढं महागडं औषध रोज टोचूनही जे होत नाही ते कोमट पाण्यानं कसं होईल?

राहिलं इंजेक्शन बंद करायचं. बी-12 शोषणारा भागच कापलाय, टोचल्याशिवाय मिळणार कुठून. मामांचं सोमवारी आहे, मी स्वतः नेणार आहे.