‘काही होत नाही, तर कायले तपासता?’

गेल्या पंधरवड्यापासून आमच्या दारव्हा तालुक्यातल्या बचत गटांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. मला तो पाच ठिकाणांहून आला. त्यातला एक माझ्या चुलत जावेनं पाठवला, वर हात जोडलेली चित्रं लावून. मेसेजचा सार असा: भगिनींनो, गावात कॅन्सर तपासणीचा कॅम्प आला तर जाऊ नका. काही त्रास नसताना तपासणं म्हणजे रोगाला आवतण. आपल्या आज्या कधी तपासायला गेल्या नाहीत, नव्वद वर्षं जगल्या. तपासताना तुकडा काढतात, त्यानं झोपलेला कॅन्सर जागा होतो. मशीनच्या किरणांनीही होतो. चांगल्या घरच्या बायांना हा रोग होतच नाही. आणि झालाच तर बाई वाचत नाही, फक्त वावर जातं. शेवटची ओळ: गेलेल्या माणसाच्या नावानं यात्रा आणि कॅम्प करत फिरणाऱ्यांपासून सावध राहा.

ती शेवटची ओळ कोणासाठी आहे हे आमच्या गावात सगळ्यांना कळलं. माझी माय 2023 च्या श्रावणात गेली. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. तेव्हापासून मी तिच्या मनातल्या ठिकाणी जाते आणि जाईन तिथे बायांना तपासणीचं सांगते. म्हणून उत्तर मीच द्यायला हवं.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे, कारण तो शहाणपणाचा वाटतो. दुखत नाही तर दवाखान्यात कशाला जायचं? माझी माय हेच म्हणायची. तिची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. एक दिवस मी मागच्या अंगणात तुराट्यांचा भारा हलवला, तर त्याच्या आड जुन्या लुगड्याची फडकी वाळत घातलेली. धुतलेली, पण मधोमध तपकिरी डाग राहिलेले. ती पहाटे चारला उठून, घरात कोणी जागं व्हायच्या आत ती धूत होती. किती दिवसांपासून, तर म्हणे दिवाळीपासून. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “गरमी असन पोरी. दुखत तं काई नाई.”

दुखत नव्हतं हे खरंच होतं. हा रोग एका विषाणूमुळे होतो, त्याचं नाव एचपीव्ही. तो पिशवीच्या तोंडाशी ठाण मांडून बसला, तर तिथल्या पेशी बिघडत बिघडत कॅन्सर व्हायला साधारण 10 ते 20 वर्षं लागतात. हा शोध लावणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला 2008 साली नोबेल मिळालं. त्या सगळ्या वर्षांत बाई निंदण करते, लग्नकार्यात पोळ्या लाटते, तिला काहीच जाणवत नाही. कंबर धरते, पाय सुजतात, लघवी अडते, तोवर रोग पिशवीबाहेर गेलेला असतो. म्हणजे तपासणीची वेळ आहे ती काही होत नसतानाची. आमच्या गावात 2019 ला कॅम्प आला होता. माय गेली नाही, सोयाबीन काढणीला आलं होतं. तेव्हा कदाचित नुसता पांढरा चट्टा दिसला असता. ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही.

आणि हो, पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल दिसलं, किंवा संबंधानंतर रक्त गेलं, तर ती तपासणी राहिली नाही, ते लक्षण झालं. तिथे कॅम्पची वाट पाहायची नाही. त्याच आठवड्यात दवाखाना. मायला तालुक्याच्या एका डॉक्टरांनी आठ महिने अंगावरून जाण्याच्या गोळ्या दिल्या. एकदाही टेबलावर झोपवून आत पाहिलं नाही. म्हणून मी बायांना सांगते, न पाहता गोळ्या देणाऱ्याला तोंडावर विचारा: तुम्ही आत कधी पाहणार?

आज्यांचं म्हणाल, तर ज्या नव्वद वर्षं जगल्या त्या आपल्याला दिसल्या. माझ्या आजीची मोठी बहीण पन्नाशीच्या आत “रक्त जाऊन” मेली. तिच्या मरणाचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. खेड्यातल्या कॅन्सरची नीट नोंद ठेवायचं काम आपल्या देशात बार्शीला सुरू झालं, तेही 1987 साली. त्याआधी मेलेल्या आज्यांचा हिशेब कोणाकडे आहे? आजचा हिशेब मात्र आहे: 2022 या एका वर्षात भारतात पिशवीच्या तोंडाचे सुमारे 1 लाख 27 हजार नवे रुग्ण आणि 80 हजारांच्या आसपास मरणं. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत तिशी ते पन्नाशीच्या बायांना विचारलं, कधी ही तपासणी केली का, तर शंभरात दोघीच हो म्हणाल्या.

आता तुकड्याची भीती. हिच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण ही भीती मला मायच्या तोंडून ऐकावी लागली.

गावच्या कॅम्पमध्ये, उपकेंद्रात, आरोग्य मंदिरात जी पहिली तपासणी होते, तिच्यात तुकडा काढतच नाहीत. मी स्वतः करून घेतली, म्हणून सांगते. सिस्टरनं दार लावलं, पडदा ओढला. टेबलावर गुडघे वर करून झोपायचं. एक साधन आत घालून वाट उघडी करतात, ते थंड लागतं आणि थोडा ताण येतो. श्वास सोडला की सैल होतं. मग काडीला गुंडाळलेला कापूस पातळ व्हिनेगरमध्ये बुडवून पिशवीच्या तोंडाला लावतात. पाणीपुरीच्या गाडीवर येतो तसा आंबट वास सुटतो. एक मिनिट थांबायचं. बिघडलेल्या पेशी असतील तर तिथे पांढरा चट्टा उमटतो, नसतील तर नाही. मला वाटलं अर्धा तास लागेल. बाहेर आले तर माझी चप्पल अजून उन्हात तापलीही नव्हती.

चट्टा दिसला म्हणजे कॅन्सर झाला, असं नाही. पुष्कळदा साधी सूज असते. इथे मेसेजवाल्यांची एक गोष्ट मी मान्य करते: तपासणीत कधी कधी उगाच धाक बसतो, पुढच्या तपासणीत काहीच निघत नाही. पण तो धाक आठ-पंधरा दिवसांचा. खरंच पेशी बिघडलेल्या असतील तर तो भाग गोठवून किंवा उष्णतेनं जाळून टाकतात. काही मिनिटांचं काम, बाई त्याच दिवशी घरी. शंका मोठी असेल तेव्हाच तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात, आणि तो काढल्याशिवाय कोणता रोग आहे, कोणता उपचार द्यायचा, हे कोणालाच सांगता येत नाही. त्यानं रोग जागा होत नाही. छातीच्या गाठीत सुई घातल्यावर सुईच्या वाटेनं पेशी ओढल्या जाणं फार क्वचित घडतं, डॉक्टर ते धरूनच पुढचा उपचार ठरवतात, आणि तेवढ्यानं बाईचं आयुष्य घटत नाही.

मग हा समज आला कुठून? आमच्याच घरातून पाहा. मायचा तुकडा जानेवारीत काढला आणि श्रावणात ती गेली. आळीतल्या बाया अजून म्हणतात, “चांगली चालत होती, तुकडा काढला आन् खाटेवर पडली.” पण तुकडा काढला त्या दिवशीच रोग तिसऱ्या टप्प्यात होता, ओटीपोटाच्या भिंतीला टेकला होता. आपण उशिरा जातो, उशिरा तुकडा निघतो, माणूस जातं, आणि दोष तुकड्यावर येतो. लवकर गेलेल्या बाया बऱ्या होऊन वावरात जातात, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. त्यांनाही सांगायची लाज वाटते.

किरणांचा मुद्दा दोन ओळींचा. व्हिनेगरच्या तपासणीत किरणं नाहीत, हातानं छाती तपासण्यात नाहीत, तोंड पाहण्यात नाहीत. स्तन तपासायच्या मशीनमध्ये, म्हणजे मॅमोग्राफीत, असतात, पण साधारण सात आठवड्यांत आपल्याला माती-आकाशातून जेवढी आपोआप मिळतात तेवढी.

“चांगल्या घरच्या बायांना होत नाही” हे वाक्य वाचून माझे हात थरथरले. या वाक्यामुळेच माझी माय अंधारात फडकी धूत होती. तो विषाणू नवरा-बायकोच्या संबंधातून येतो, हे खरं आहे, लपवायचं कारण नाही. पण तो इतका सर्रास आहे की संसार केलेल्या बहुतेक बाया-माणसांना कधी ना कधी होतोच, आणि बहुतेकांच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींचा जात नाही. त्यात चालीरीतीचा काय संबंध? माझी माय सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली, तिनं एकच संसार केला. आणि पापाचंच म्हणत असाल तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना कॅन्सर झाला होता. 1968 साली गुरुकुंज मोझरीला त्यांनी देह ठेवला. नागपूरच्या कॅन्सर रुग्णालयाला त्यांचंच नाव आहे. ज्यांची भजनं आपण खंजिरीवर म्हणतो, त्यांच्यावरही हाच आळ घेणार का?

याच ठिकाणी पुरुषांनाही सांगते. तोंडाची तपासणी तुमची आहे. खर्रा घोटून पन्नीत बांधून दिवसभर गालात धरता, त्यातली नुसती सुपारीही कॅन्सर करते, तंबाखू तर आहेच. आरशापुढे उभे राहा आणि आपली तीन बोटं उभी करून तोंडात घाला. जात नसतील, किंवा गालात पांढरा-लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम असेल, तर दवाखान्यात जा. केरळात तिरुअनंतपुरमकडे आरोग्य सेवकांनी घरोघर तोंडं तपासली, तर तंबाखू-दारूवाल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारी मरणं तिसऱ्या हिश्शानं कमी झाली.

“झालाच तर वाचत नाही” याला आपल्याच महाराष्ट्रातलं उत्तर आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून जास्त बायांवर अभ्यास झाला. आपल्यासारख्याच, वावरात राबणाऱ्या बाया. एका गटाची एचपीव्ही तपासणी, म्हणजे व्हिनेगरची नाही तर तो विषाणू शोधायची तपासणी, एकदाच केली आणि सापडेल त्यावर उपचार केले. आठ वर्षांनी पाहिलं, तर त्या गटात या कॅन्सरनं गेलेल्या बाया तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्म्या होत्या. फक्त एका तपासणीनं.

वावर जाण्याचं म्हणाल, तर ते मी भोगलं आहे, त्यामुळे मेसेजवाल्याला खोटं म्हणणार नाही. शेक, म्हणजे किरणांचा उपचार, आणि किमोचा खर्च सरकारी योजनेत बसला. पण नागपूरला पाच आठवडे शेक होता, आठवड्यातले पाच दिवस. खोलीचं भाडं, दोघींचं जेवण, बाबांची बुडालेली मजुरी, हे कोणत्याच योजनेत बसत नाही. आम्ही बैलजोडी विकली आणि त्या साली वावर बटईनं दिलं. पण बैलजोडी गेली ती रोग उशिरा सापडला म्हणून. कॅम्पमधल्या तपासणीला आमचा एक रुपयाही लागला नसता.

राहिली ती शेवटची ओळ. वर्षश्राद्ध आम्ही केलं, पान वाढलं, कावळ्याची वाट पाहिली. पण मायचं एक वेगळंच मागणं होतं. तिचं माहेर कारंज्याकडचं. शकुंतला गाडी सुरू होती तेव्हा दारव्ह्याहून त्या गाडीनं ती माहेरी जायची, तेवढाच तिचा रेल्वेचा प्रवास. बाकी जन्मभर कुठे गेली नाही. आणि मग सगळ्यात लांब गेली ती नागपूरला, शेक घ्यायला. एका संध्याकाळी खोलीवर उलटी करून झाल्यावर, पालथ्या हातानं तोंड पुसत म्हणाली, “बरी झाली का कौंडण्यपूरले जाऊ. रुक्मिणीचं माहेर पायचं रायलं माहं.”

मी तिच्यासाठी कार्तिकात तिथे गेले. अमरावतीहून पुढे एसटीनं, मांडीवर तिची पिशवी, तीच जी दवाखान्यात नेत होतो. वर्धा नदीच्या काठी बसले, शेजारी मोर्शीकडची एक काकू दशम्या सोडून बसली होती. मी सांगितलं, माय गेली, तिच्यासाठी आले. कशानं गेली, विचारलं. सांगितलं. काकू बराच वेळ नदीकडे पाहत राहिली. मग दशमीचा तुकडा माझ्या हातावर ठेवत हळूच म्हणाली, “मलेबी जाते वं बाई अंगावरून. कोनाले सांगू?” तिथेच मी तिच्या लेकाला फोन लावायला लावला.

याला कोणी दिखावा म्हणत असेल तर म्हणो. त्यानंतर शेगाव झालं. आता गटाच्या बायांना घेऊन माहूरला जायचं आहे, रेणुकेला. एसटीत बायांना अर्धंच तिकीट आहे. गटातल्या तीस वर्षांवरच्या ज्या बाईनं त्याआधी उपकेंद्रात जाऊन तोंड, छाती आणि पिशवीचं तोंड, तिन्ही तपासून घेतलं, तिचं ते अर्धं तिकीट मायच्या नावानं मी काढणार. आजपर्यंत अकरा जणींनी नाव दिलं आहे. चुलत जावेनं काल रात्री मेसेज काढून टाकला आणि मला विचारलं, सिस्टर कोणत्या वारी असते. बुधवारी असते, दहा वाजता.