आंतरराष्ट्रीय कायदा ‘बिनकामाचा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

लॉ कॉलेजात ऐच्छिक विषय निवडायची वेळ आली की विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा मथितार्थ असा: आंतरराष्ट्रीय कायद्याच्या नादी लागू नका. तो राबवायला पोलीस नाहीत, म्हणून तो खरा कायदाच नाही. भारतीय कोर्टात त्याचा उपयोग शून्य. नोकऱ्या फक्त हेग आणि जिनिव्हात, त्याही पैसेवाल्यांच्या मुलांना. हौसच असेल तर पदवीनंतर बघा. हा मेसेज वाचून हुशार मुलंमुली या विषयाकडे पाठ फिरवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पोलीस नाहीत, हे खरं. बळी तो कान पिळी हेही अनेकदा खरं ठरलं आहे. मार्सेलिसला सावरकरांना फ्रेंच भूमीवर पकडून ब्रिटिशांच्या हवाली केलं गेलं, त्यात गैर घडल्याचं हेगच्या लवादाने १९११ मध्ये मान्य केलं, तरी ब्रिटनने त्यांना परत करावं असं म्हटलं नाही. पण एवढ्यावर थांबून चालत नाही.

केर्न एनर्जीचं प्रकरण बघा. २०१२ च्या पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या व्यवहारांनाही लागू होणाऱ्या, करदुरुस्तीच्या आधारे आपण या ब्रिटिश कंपनीकडून कर वसूल केला. कंपनी भारत-ब्रिटन गुंतवणूक कराराखाली लवादात गेली आणि डिसेंबर २०२० मध्ये सुमारे १२० कोटी डॉलरचा निवाडा भारताविरुद्ध लागला. आपण पैसे दिले नाहीत. मग कंपनीने न्यूयॉर्कच्या कोर्टात तेव्हा सरकारी असलेल्या एअर इंडियाला ओढलं, आणि जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर फ्रेंच कोर्टाच्या आदेशाने टाच आल्याची बातमी आली. पुढच्याच महिन्यात संसदेने ती पूर्वलक्षी तरतूद मागे घेतली. पोलीस कुठेच नव्हते. करार होता, आणि तो कुठल्या देशाच्या कोर्टात कसा वापरायचा हे जाणणारे वकील होते.

हेरगिरीच्या आरोपाखाली पाकिस्तानच्या कैदेत असलेले कुलभूषण जाधव अजून सुटलेले नाहीत, असं यावर कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या लष्करी कोर्टाने दिलेली फाशी त्या मे महिन्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने थांबली, २०१९ च्या निकालानंतर पाकिस्तानला फेरविचारासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि हे सगळं व्हिएन्ना करारातल्या वकिलातीच्या भेटीसंबंधीच्या ३६ व्या कलमावर उभं राहिलं. फासावर जाऊ शकणाऱ्या माणसाच्या बाबतीत याला बिनकामाचं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

भारतीय कोर्टात उपयोग नाही, हा मुद्दा तर सर्वांत कच्चा. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध आपल्याकडे कायदा नव्हता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या विशाखा निकालात, भारताने १९९३ मध्ये मान्य केलेल्या स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या कराराचा आधार घेऊन नियम घालून दिले. २०१३ चा कायदा त्यातूनच आला. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम याला पोर्तुगालकडून ताब्यात घेताना २५ वर्षांपेक्षा जास्त तुरुंगवास होणार नाही, असा शब्द भारताने दिला होता. मुंबईच्या टाडा (दहशतवादविरोधी कायद्याच्या) कोर्टाने त्याला जन्मठेप दिली. ती सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कायम ठेवली, पण २५ वर्षं भरल्यावर केंद्राने शब्द पाळलाच पाहिजे, असंही बजावलं. आणि घरगुती बाब म्हणाल तर, नवरा परदेशात घटस्फोट घेऊन मोकळा झाला आणि बायको पुण्यात आहे, असं प्रकरण कौटुंबिक न्यायालयात आलं की परदेशी हुकूमनाम्याला इथे किती किंमत, हा प्रश्न पहिला. त्याचं उत्तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १३ व्या कलमात आणि १९९१ च्या नरसिंह राव निकालात आहे.

नोकऱ्यांबद्दल एक गोष्ट मान्य करतो. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, आणि न्यूयॉर्क-जिनिव्हाचा खर्च सामान्य घराला झेपत नाही. ही व्यवस्था अन्यायाची आहे. पण आंतरराष्ट्रीय कायद्याचं काम तिथेच चालतं, हा समज चुकीचा. मुंबई उच्च न्यायालयाची सागरी अधिकारिता, म्हणजे जहाजांविरुद्धचे दावे ऐकण्याचा अधिकार, घ्या. बंदरात उभ्या परदेशी जहाजाच्या मालकाने खलाशांचा पगार थकवलेला असतो. जहाज एकदा निघून गेलं की वसुली संपली. त्यामुळे वकील धावपळ करून दावा दाखल करतो, जहाज अटकेचा आदेश मिळवतो, आदेश जहाजावर बजावला जातो, बंदर आणि कस्टम्सला कळवलं जातं. मालकाने कोर्टात तारण भरलं तरच जहाज हलतं. सागरी दाव्यांच्या २०१७ च्या कायद्यात खलाशांच्या पगाराला सागरी हक्कांमध्ये पहिला क्रम आहे. हे काम फोर्टमधल्या ऑफिसांतून चालतं, हेगमधून नाही. शिवाय परदेशी लवादाचे निवाडे इथे वसूल करणं आहे, प्रत्यार्पण आहे, परराष्ट्र मंत्रालयाचा विधी आणि करार विभाग आहे. यूपीएससीला कायदा हा वैकल्पिक विषय घेणाऱ्यांच्या पहिल्या पेपरात तर आंतरराष्ट्रीय कायदा असतोच.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘नंतर बघा’. यात तथ्य आहे. सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) आणि पुरावा कायदा कच्चा ठेवून करारांवर निबंध लिहिणारा ज्युनिअर कुणालाच नको असतो. वरची उदाहरणं पुन्हा बघा, काहींत शेवटची झुंज साध्या प्रक्रियेच्या कलमांवर झाली आहे. पण करार वाचणं हे वेगळं कसब आहे. मसुदा, एखाद्या देशाने मान्य न करता राखून ठेवलेल्या अटी, इतर देशांच्या कोर्टांनी लावलेला अर्थ, हे सगळं सवयीने जमतं, आणि ती सवय लावायला मूट कोर्ट (सरावाचे लुटुपुटूचे खटले), ग्रंथालय आणि चुका माफ करणारे प्राध्यापक कॉलेजातच मिळतात. अशिलाच्या फाइलवर ती मुभा नसते. सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायद्याचा पेपर बार कौन्सिलने सक्तीचा केलेलाच आहे. तो गाइड वाचून ढकलण्याऐवजी मन लावून करा, त्याला लवाद, सागरी कायदा किंवा खासगी आंतरराष्ट्रीय कायदा (वरच्या घटस्फोटासारख्या, दोन देशांत अडकलेल्या खासगी वादांचा) यांपैकी एखादा ऐच्छिक विषय जोडा, आणि सुट्टीतली एक इंटर्नशिप सागरी दावे किंवा लवाद करणाऱ्या वकिलाकडे मागा.