बारवाला आईबाप नाही, पण ग्लास त्याच्याच हातात असतो

बाब, झिंगलेल्या गिऱ्हाइकाला बारवाल्याने आणखी ओतू नये असा नियम गोव्यात हवा, या माझ्या लेखावर प्रतिक्रिया तिखट लिहिलीत, राग नाही, पण उत्तर जरा लांबणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की पिणारा सज्ञान असतो, बारवाला काय त्याचा आईबाप नाही, कोण किती झिंगलाय हे बघायला त्याने मशीन घेऊन बसायचं का, आणि असला नियम आला तर मोठे सुटतील, मरेल तो गावातला तावेर्नवाला, म्हणजे छोट्या दारूच्या गुत्त्याचा मालक.

तावेर्नचंच आधी घेतो. माझ्या मामाचं डिचोलीजवळ तावेर्न होतं, चार बाकं आणि एक काउंटर, मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे सोड्याच्या बाटल्या मांडायला असायचो. हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या हलक्या दारूचा सीझन, त्यामुळे गर्दी ही. एक नेहमीचा गिऱ्हाईक तिसऱ्या ग्लासाला आवाज चढवायचा आणि सुटे पैसे दोन-दोनदा मोजायचा, मोजून परत खिशात घालायचा. मामा वाद घालायचा नाही, त्याचा ग्लास विसळून पालथा ठेवायचा आणि म्हणायचा, ‘फाल्यां यो,’ म्हणजे उद्या ये. तो शिव्या द्यायचा, मामा ऐकून घ्यायचा, पण ओतायचा नाही. कसलं मशीन घेऊन बसलात!

आता दुसरी बाजू. दोन वर्षांपूर्वी आम्ही कळंगुट भागात एका ठिकाणी बसलो होतो, नाव नको. आमच्यातला एक जण स्टुलावरून घसरला, वेटरने त्याला काखेत धरून परत बसवला आणि तिथल्या तिथे विचारलं, ‘सर, रिपीट?’ सरांनी मान हलवली, झालं. (आम्ही बाकीचे हसत होतो, तेही लिहितो, उगाच साव कशाला बनू.) तो रेंटच्या स्कूटरने निघाला आणि साळगावच्या शेतात जाऊन पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं, थोडक्यात वाचला. नंतर बिल बघितलं तर प्रत्येक ऑर्डर वेळेसकट छापलेली, शेवटचा लार्ज १२:५० चा. म्हणजे मोजायला तिथे कोणी नव्हतं असं नाही, मोज तर कागदावरच होती. पिणाऱ्याची मोज दुसऱ्या-तिसऱ्या पेगला सुटते आणि ओतणारा शुद्धीत असतो, माझा मुद्दा एवढाच आहे.

मशीनच्या मुद्द्यात तुमचं अर्धं बरोबर आहे. गाडी चालवणाऱ्याला कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, तेवढी एक-दोन पेगात गाठता येते आणि तोंडावर काहीच दिसत नाही. शिवाय पोटात गेलेलं रक्तात चढत राहतं, त्यामुळे टेबलावर ठीक वाटणारा माणूस अर्ध्या तासाने ठीक असेलच असं नाही. अशाला वेटर ओळखणार नाही, आणि त्याचं खापर बारवर फोडा असं मी म्हणतच नाही. मी बोलतोय तो स्टुलावरून पडलेल्याबद्दल.

‘जगात कुठे असतं असं?’ असंही विचारलंत. इंग्लंडमध्ये २००३ च्या लायसन्सिंग कायद्यात कलम १४१ आहे, झिंगलेल्याला जाणूनबुजून दारू विकली तर विकणाराच गुन्हेगार. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत अपघातात सापडलेला माणूस थेट बारवर दावा लावू शकतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ बघा, पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पण पकडतं फक्त चालवणाऱ्याला, ओतणारा त्यात कुठेच नाही.

टॅक्सीवर मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. २०२३ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत म्हणाले होते की जास्त प्यालेल्या गिऱ्हाइकाला घरी पोचवायची व्यवस्था बारवाल्यांनी करावी. बोलायला सोपं हो, पण रात्री १ वाजता डिचोलीला यायला कोण तयार होतो, आणि झालाच तर भाडं ऐकून उतरते अर्धी! पायलटच्या, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या मागे झिंगलेल्याला बसवणं म्हणजे तर दोघांचा जीव टांगणीला. म्हणून पोचवायची सक्ती नंतर बघू, आधी ओतणं तरी थांबवा म्हणतो, त्याला ना टॅक्सी लागत ना पैसे.

आणि हो, गोव्यात पिण्याचं वय मी १८ लिहिलं होतं, तुम्ही चूक दाखवलीत, ते २१ आहे. दुरुस्त केलंय, आभार.