झेपंल का?

शर्ट आज चौथ्यांदा धुऊन दोरीवर टाकलाय. लिंबू चोळलं की डाग पिवळा पडतो, साबण लावला की पुन्हा तांबडा होतो. सरकार कुणाचंही येवो, हा मंत्रिमंडळात असणारच. पांढरा लिननचा शर्ट, लक्ष्मी रोडवरून खास भाच्याच्या साखरपुड्यासाठी घेतलेला. साखरपुडा दुपारी बाराला होता. शर्ट सकाळी साडेनवालाच कामातून गेला. मिसळीपायी गेला असं आमची ही सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. मिसळीचा दोष फार तर चार आणे.

पुण्याहून चिपळूणला निघालो होतो. खेड-शिवापूर आणि आनेवाडी, दोन्ही टोलनाक्यांवर दक्षिणा ठेवून झाली होती. ही म्हणत होती, हायवेलाच खाऊन घेऊ, तिथे निदान बाथरूम तरी बरं असतं. मी म्हणालो, हायवेवर नुसतं बिल तिखट असतं, खरी मिसळ आतल्या गावात. चाळिशी ओलांडलेला प्रत्येक पुणेकर हे वाक्य कधी ना कधी बोलतोच. उंब्रजला हायवे सोडला, पाटणच्या रस्त्याला लागलो आणि एका बाजाराच्या गावात एसटी स्टँडसमोर गाडी लावली. गावाचं नाव सांगत नाही, त्या रस्त्याने अजून पुष्कळदा जायचंय.

पत्र्याची शेड, दारातच भट्टी, परातीत फरसाणाचा ढीग, पातेल्यात बोटभर जाडीचा लाल कट. आत चार टेबलं, तीन भरलेली. चौथ्यावर टोपीवाले एक आजोबा एकटेच बसले होते. समोर बशी, बशीत चहा. तो चहा प्यायला घेतलेला नव्हता, बसायला घेतलेला होता. आम्ही त्यांच्यासमोर बसलो. पोऱ्याने फडका मारून टेबल आणखी ओलं केलं.

“काय देऊ?”

“एक मिसळ, एक पोहे,” मी म्हणालो. इथे थांबलो असतो तर आज शर्ट कपाटात असता. पण मला ॲसिडिटी आहे, रोज उपाशीपोटी गोळी असते, म्हणून जिभेवर आलं, “फार तिखट असते का हो?”

फरसाणाच्या परातीतला झारा थांबला. आबांनी (गल्ल्यावरचे मालक त्यांना आबा म्हणत होते, मीही तेच म्हणतो) बशी खाली ठेवली.

“कुनीकडनं आलासा?”

“पुण्याहून.”

“वाटलंच.”

हा ‘वाटलंच’ मी अजून विसरलेलो नाही. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतात तसा होता तो.

“आवो पाव्हणं,” आबा म्हणाले, आणि बाकीच्या तीन टेबलांना सोयीचं जावं म्हणून जरा वळून बसले, “मिसळ तिखट नसतीया. खानारा मऊ असतो.”

तिन्ही टेबलं हसली. आमची ही पण हसली. तिला मी तेव्हाच बघून ठेवलं.

“तसं नाही, मी खातो तिखट,” मी म्हणालो. “आम्ही मूळचे इकडचेच.”

“व्हय? कंचं गाव म्हनायचं?”

मी गावाचं नाव सांगितलं.

“ते तर पान्यात गेलं की!”

गेलं. कोयनेचं धरण झालं तेव्हा आजोबांनी बिऱ्हाड उचललं आणि पुण्यात एका चाळीच्या दोन खोल्यांत मांडलं. धरणाची क्षमता १०५ टीएमसी. दर पावसाळ्यात बातम्यांत आकडा येतो, कोयना इतकी भरली, तितकी भरली, आणि आमच्या घरात अजून कुणीतरी म्हणतंच, “आपलं घर बुडालं म्हणायचं पुन्हा.” आबांना हे सगळं सांगायचं म्हणजे सकाळी साडेनऊला, अनोळखी माणसांसमोर, पोहे यायच्या आत. मी एवढंच म्हणालो, “हो, पाण्यात गेलं.”

“मग आता गाव कुठाय?”

“नाही.”

“मंग पुन्याचंच की तुमी,” आबा म्हणाले आणि प्रकरण निकाली काढलं. “बाळ्या, पाव्हण्यांस्नी बारक्या पोरांची दे!”

इथे जरा थांबतो, कारण विनोद-बिनोद ठीक आहे, पण पुण्यात मला जन्मभर ‘तुम्ही मूळचे पुण्याचे नाही वाटतं’ असं विचारतात. आमच्या सोसायटीच्या चेअरमनने एकदा माझ्या ‘नाय’ वरून विचारलं होतं. आणि इथे, जिथला म्हणून मला तिथे ओळखतात, तिथे माझी ओळखपरेड कशावर, तर मटकीच्या उसळीवर. बरं, आबांना मी जे ऐकवायला हवं होतं ते सगळं मला कोयनानगर ओलांडल्यावर सुचलं. म्हणजे हे, की आबा, मिरची तरी मूळची इकडची आहे का? ती पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेकडून आली. ज्ञानेश्वरांच्या काळी या मुलखात तिखटाला मिरी होती, मिरची नव्हती. मिसळीतला बटाटा तिकडचा. टोमॅटो तिकडचा. पाव हा शब्दसुद्धा पोर्तुगीज. अस्सल इथली म्हणाल तर मटकी, आणि तिला कुणी विचारत नाही. तुमच्या चंचीतली तंबाखूही बोटीनेच आलेली. चुना तेवढा गावचा.

चुन्यावर येतोच.

तर ‘बारक्या पोरांची’ आली. स्टीलच्या डिशमध्ये मटकी, वर फरसाण, त्यावर दह्याचा एवढा गोळा की हा श्रीखंडाचा प्रकार असावा असं वाटावं, आणि शेजारी, देवाशप्पथ सांगतो, वाटीत साखर. साखर मी मागितली नव्हती. मिसळीबरोबर साखर मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. बाळ्याने ती वाटी आपणहून, आजाऱ्याच्या उशाशी औषध ठेवतात तशी ठेवली आणि विचारलं, “चमचा बारका आनू?”

शेजारच्या टेबलावर शाळेच्या गणवेशात एक मुलगी बसली होती. तांबड्या रिबिनी, दोन वेण्या, दुसरीतली असेल. तिच्यासमोर नेहमीची मिसळ. तिने माझ्या साखरेच्या वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान न वळवता म्हणाली, “बाळूदादा, कट आण की रं अजून.” बाळ्याने पळी ओतली. तिने डिश दोन्ही हातांनी उचलून कट प्यायला. वरच्या ओठावर तांबडी मिशी उमटली. ती तिने पुसली नाही.

पन्नाशीच्या माणसाने अशा वेळी काय करायचं असतं? हसून दही कालवायचं असतं. मी दह्याचा गोळा चमच्याने उचलून हिच्या पोह्यांच्या डिशमध्ये टाकला आणि म्हणालो, “कट आण.”

“झेपंल का?” आबांनी विचारलं. आवाजात खरीखुरी काळजी होती, त्याने मला जास्तच राग आला. “बघा बरं. भूकंपाच्या साली मी धा वर्साचा हुतो. पहाटंचं घर पडलं. आई बाहेर काढती तर मी म्हनतोय, थांब, भाकरी-ठेचा घिऊन येतो. आमास्नी सवं हाय.”

भूकंपाचं साल म्हणजे १९६७, डिसेंबरची ११ तारीख. त्यावर कुणाला काही बोलता येत नाही. ज्या माणसाने भूकंपातून ठेचा वाचवला त्याच्याशी वाद कशावर घालणार? मी पाव मोडला, कटात बुडवला आणि खाल्ला.

पहिला घास उत्तम होता. हे प्रामाणिकपणे सांगतो. कांदा-लसूण मसाला घरचा, वर्षाचा घातलेला, खोबरं नीट भाजलेलं. दुसराही चांगला. तिसऱ्याच्या वेळी कानांत काहीतरी झालं, वीज गेल्यावर फ्रीज थांबतो तसं. मग टाळूवर घाम फुटला. माझ्या टाळूवर आता केस नाहीत, त्यामुळे ही बातमी लपत नाही. मी पाणी प्यालो. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात आणि दुधात विरघळतो, हे मला माहीत आहे, कॉलेजात रसायनशास्त्र होतं. माहीत असून मी तीन ग्लास पाणी प्यालो, कारण दही मी स्वतःच्या हाताने बायकोला देऊन बसलो होतो आणि ती ते संपवत होती.

चौथ्या घासाला उचकी लागली. हातात चमचा होता. चमच्यात कट होता.

थेंब एकच. हळूहळू पसरला. मध्ये तांबडं तेल, भोवती हळदीचा पिवळा काठ. अख्खं हॉटेल बघत होतं. एसटीचा एक कंडक्टर चहा टाकून उठून बघत होता.

“हात लावू नगा!” आबा ओरडले. मला वाटलं डागाला म्हणताहेत. ते खरं तर बाळ्याला दटावत होते, तो फडका घेऊन निघाला होता. आबांनी कनवटीची चंची सोडली, डबी उघडली, बोटाच्या पेरावर चुना घेतला आणि मी उचकीत असल्यामुळे ‘नको’ म्हणायच्या आत माझ्या छातीवर घोटला. “चुना त्याल वडून घेतोया. आमच्या म्हातारीची रीत हाय.”

तेलाचं माहीत नाही. पण हळद आणि चुना एकत्र आले की काय होतं हे आमच्या आजीलाही ठाऊक होतं. कुंकू होतं. डोळ्यांदेखत, खिशाच्या वर रुपयाएवढं, तांबडंलाल, ठसठशीत कुंकू.

आबांनी मान तिरकी करून बघितलं. “रंग चांगला आला,” ते म्हणाले.

मी गल्ल्यावर गेलो. आमची मिसळ ८०, पोहे ३०, दही २०, दोन चहा २०. दीडशे होतात. मालकांनी दोनशे सांगितले.

“दीडशे ना?”

“आबांचं दोन चा आन् भजी. तुमच्यातच म्हनलं त्यांनी.”

पन्नास रुपयांवरून काय बोलायचं? पन्नास रुपयांवरूनच तर काही बोलता येत नाही. पाचशे असते तर भांडलो असतो. मी मोबाइल समोर धरला आणि गल्ल्यावरचा तो बोलका डबा अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल एवढ्यांदा ओरडला, “दोनशे रुपये प्राप्त झाले!” आबांनी आतूनच हात वर केला.

चिपळूणला दारातच मावशी भेटली. तिने शर्टाकडे बघून विचारलं, “तुझंही औक्षण केलं का रे व्याह्यांनी?” मी हो म्हणालो. मग इतर मेहुण्यांना वाटलं की आपलं राहिलं. त्यावरून मुलीकडच्यांशी थोडं लागलं, पण तो वेगळा विषय आहे.

दुसऱ्या दिवशी परत येताना मी आधीच ठरवलं होतं, गाडी थांबवायची नाही. हिने थांबवली. हिला स्टँडवरचे पेरू घ्यायचे होते. हॉटेल बंद होतं, आणि पायरीवर आबा बसले होते.

“आलासा?” ते उठलेच. “उंब्रजपतूर सोडा की. यष्टी कुठं गेली काय कळंना.”

मी आरशात केस नीट करतोय असं दाखवलं. हिने मागचं दार उघडलं. आबा बसले, टोपी नीट केली, सीट चाचपून बघितली. दोन किलोमीटर गप्प होते. मग मागून बारीक आवाज आला.

“पाव्हणं, त्ये गार वारं जरा कमी करा. मला झेपत न्हाय.”

मल्हारपेठ येईपर्यंत मला ऐकूच आलं नाही. मग हिने हात पुढे करून बटण फिरवलं.