मागची फळी उघडू द्या!

गिटारच्या जुन्या अ‍ॅम्पच्या विक्रीची जाहिरात. फोटो पाच, आणि पाचही समोरून. ग्रिल, नॉब, लोगो, पुन्हा ग्रिल, मग लांबून सोफ्याशेजारी ठेवलेला अख्खा अ‍ॅम्प. खाली मजकूर: "फुल ट्यूब, अमेरिकन, मिंट कंडिशन, टाइमपासवाल्यांनी मेसेज करू नये." मागून एक फोटो टाका अशी तीनदा विनंती केली, तिन्ही वेळा एकच उत्तर: "दादा, आवाज कडक आहे, येऊन ऐका."

रविवारी पुण्यात त्या अ‍ॅम्पची मागची फळी एकदाची उघडली. १५ वॅटचा कॉम्बो, म्हणजे स्पीकर त्याच खोक्यात. आत काचेच्या पाच ट्यूब: पॉवरच्या दोन ईएल८४, प्रीअ‍ॅम्पच्या तीन १२एएक्स७. मागच्या पट्टीवर ठळक छापलेलं: १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ. प्लगची अर्थिंगची पिन कापलेली. फ्यूज होल्डर फिरवून बाहेर काढला तर फ्यूजभोवती चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळलेला. डावीकडच्या ईएल८४ चा माथा पांढराफटक. आपली २३० व्होल्टची वीज खाली उतरवणाऱ्या ज्या स्टेपडाउनवर अ‍ॅम्प चालवून दाखवला त्यावर ५० वॅट लिहिलेलं. हे सगळं एकेक बोट ठेवून दाखवल्यावर मालकाचं म्हणणं काय? "पण आवाज येतोय ना?"

अहो, येणारच आवाज! पुश-पुल सर्किटमध्ये दोन पॉवर ट्यूब काम वाटून घेतात, त्यांपैकी एक मेली तरी दुसरी अर्धं ओझं ओढत राहते. आवाज बारीक होतो, फाटतो, बेस जातो, हम वाढतो, पण येतो. ट्यूबच्या काचेवर आतून चकचकीत चंदेरी थर असतो. तो पांढरा पडला म्हणजे आत हवा शिरली, ट्यूब संपली. हे कळायला मीटर लागत नाही, डोळे लागतात. विकणाऱ्याने आपल्याच अ‍ॅम्पच्या मागे एकदाही डोकावून पाहिलेलं नाही, आणि किंमत मात्र 'मिंट'ची.

आता तो ५० वॅटचा स्टेपडाउन. १५ वॅट हा स्पीकरकडे जाणारा आकडा आहे, भिंतीतून ओढला जाणारा नाही. ट्यूब आतून तापवणाऱ्या नुसत्या हीटरचा हिशोब करा. ईएल८४ चा हीटर ०.७६ अँपिअर घेतो, १२एएक्स७ चा ०.३. दोन आणि तीन ट्यूब धरून २.४२ अँपिअर, गुणिले ६.३ व्होल्ट, म्हणजे १५ वॅट इथेच संपले. दोन्ही ईएल८४ च्या प्लेटवर, म्हणजे आतल्या पत्र्यावर, २० वॅट आणि वर, शिवाय ट्यूबमधली स्क्रीनची जाळी, शिवाय ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा तोटा. काही न वाजवता अ‍ॅम्प ५० च्या आसपास पोचलेला असतो, वाजवायला लागलं की आणखी वर. म्हणून १५ वॅटच्या अ‍ॅम्पला निदान २०० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) आणि ४०-५० वॅटच्या अ‍ॅम्पला ५०० व्हीएचा तांब्याच्या गुंडाळीचा जड स्टेपडाउन लागतो. हेअर ड्रायरसाठी मिळणारा हलका इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर इथे अजिबात चालत नाही.

आणि हर्ट्‌झचं कुणी नावच काढत नाही! आपल्याकडे ५० हर्ट्‌झ. फक्त ६० साठी बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरला ५० वर तेच १२० व्होल्ट दिले तर गाभ्यातलं चुंबकत्व २० टक्के वाढतं, ट्रान्सफॉर्मर घूं घूं करतो आणि तापतो. म्हणून अशा अ‍ॅम्पला ११० व्होल्टचा स्टेपडाउन बरा. हीटरला ५.८ व्होल्टच्या आसपास मिळतात, ते १० टक्क्यांच्या सवलतीत बसतं. चुकून कुणी थेट भिंतीच्या २३० वर लावला तर मात्र तेच चुंबकत्व साधारण २.३ पट. तेव्हा वाचवणारी एकच वस्तू म्हणजे फ्यूज. आणि तिथे चंदेरी कागद! फ्यूज का उडतोय हे शोधायचं सोडून तो उडूच नये याची सोय केली. ट्यूब आतून शॉर्ट झाली की फ्यूजने मरायचं असतं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर जगतो. कागद मरत नाही. मग मेन्स ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी जळते, आणि नशीब वाईट असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जातो. तो कुठल्याही वाइंडिंगवाल्याकडून नुसता भरून आणला तर भागत नाही, कारण त्यात प्रायमरी-सेकंडरीचे थर एकमेकांत घालून गुंडाळावे लागतात. सरळ एकावर एक गुंडाळला की ट्रेबल मेलं.

पण सगळ्यात जास्त संताप येतो तो त्या कापलेल्या पिनचा. "हम येत होता म्हणून काढली," म्हणे. हम आला तर पिन कापायची नसते हो, अर्थिंग तपासायचं असतं! गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात आणि बोटं त्या तारांवर असतात. समोर ओठांना टेकलेला माइक दुसऱ्या अर्थिंगवर असतो. १९७२ साली वेल्समधल्या स्वानसीत लेस हार्वी हा गिटारवादक भर कार्यक्रमात माइकला हात लागून विजेच्या धक्क्याने गेला, अर्थिंग नीट नव्हतं म्हणून. पन्नास वर्षं उलटून गेली आणि आपल्याकडे लोक अजून पकडीने पिना तोडतायत. १९६० च्या दशकातल्या अमेरिकन अ‍ॅम्पना मुळात बहुतेक दोनच वायरी असायच्या, आणि मेन्सच्या एका वायरीपासून चासीला एक कंडेन्सर जोडलेला असायचा. तो कंडेन्सर काढून तीन पिनांची केबल बसवणं हे अशा अ‍ॅम्पवरचं पहिलं काम. ते केलेलं असेल तर "ओरिजिनल नाही" म्हणून नाक मुरडणारेही भेटतात. त्यांच्याशी बोलायचीही इच्छा होत नाही.

'फुल ट्यूब' हे दोन शब्द तर जाहिरातीतून जप्त करायला हवेत. मार्शलच्या व्हॉल्व्हस्टेट ८०८० मध्ये प्रीअ‍ॅम्पला एक ईसीसी८३ (म्हणजे १२एएक्स७च) आहे, पॉवरची बाजू पूर्ण ट्रान्झिस्टरची. ज्याला तो आवाज आवडतो त्याने खुशाल घ्यावा, पण तो ट्यूब अ‍ॅम्पच्या भावात कसा विकता? मागून बघा. पॉवर ट्यूब म्हणजे ईएल३४, ६एल६, ईएल८४, ६व्ही६ यांसारखं काहीतरी दिसलं पाहिजे, आणि दोन ट्रान्सफॉर्मर, एक मेन्सचा आणि एक आउटपुटचा. नुसती एक छोटी ट्यूब केशरी चमकतेय म्हणजे फुल ट्यूब नव्हे.

तसाच तो 'व्हिंटेज'. फेंडरचा ब्लॅकफेस काळ १९६० च्या दशकातला, सिल्व्हरफेस १९६८ पासून पुढचा. छापील सर्किटवरचा पंधरा वर्षांचा अ‍ॅम्प व्हिंटेज नसतो, जुना असतो. आणि जुना असेल तर वीज सपाट करणारे फिल्टर कंडेन्सर कधी बदलले ते सांगा. १५-२० वर्षांत ते सुकतात. माथ्याला फुगलेत का, बुडाशी चिकट डाग आहे का, ते मागून दिसतं. गिटार न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवूनही जाड हम येत असेल तर पहिला संशय त्यांच्यावर. तो हम १०० हर्ट्‌झचा, ५० च्या दुप्पट. ५० चा हम असेल तर हीटरच्या वायरी किंवा अर्थिंग बघा. पण आत हात घालू नका! बंद केलेल्या अ‍ॅम्पमध्येही ४००-४५० व्होल्ट साठून राहू शकतात.

मुंबई, कोकण, गोव्याकडचा अ‍ॅम्प असेल तर आणखी बारकाईने बघा. खाऱ्या दमट हवेने ट्यूबच्या पिना आणि सॉकेट काळे पडतात, ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांना गंज चढतो, स्पीकरच्या कोनवर बुरशी येते. जुन्या फेंडरमधला काळा फायबरचा बोर्ड ओल धरतो आणि चक्क वीज वाहू लागतो. मग अधूनमधून खरखर, बायस (पॉवर ट्यूबमधून काही न वाजवता किती करंट वाहावा ती मांडणी) सरकतो, आणि चार मेकॅनिक झाले तरी दोष सापडत नाही.

"ट्यूब नवीन टाकल्यात," हे आणखी एक. कुठल्या? बायस कोणी लावला? अ‍ॅम्प फिक्स्ड बायसचा असेल तर पॉवर ट्यूब नुसत्या खुपसून चालत नाहीत. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर ट्यूबच्या कमाल वॅटच्या ७० टक्क्यांच्या हिशोबाने ६एल६जीसीला जास्तीत जास्त ४६ मिलिअँपिअर, ईएल३४ ला ३८-३९. त्याच्या फार वर गेलं की प्लेटचा राखाडी पत्रा लाल होतो. हीटर केशरी दिसणं ठीक, काचेवर निळी झाक ठीक, पत्रा लाल दिसला की तत्क्षणी बंद. आणि २०२२ मध्ये रशियाने काही काळ निर्यात थांबवली तेव्हापासून ट्यूबांचे भाव कसे उसळले ते घेणाऱ्यांना माहीत आहे. रशियातला सारातोवचा कारखाना, स्लोव्हाकियातला जेजे आणि चीन, जवळजवळ सगळं जग एवढ्यावर चाललंय. एकेकाळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये आपल्या व्हॉल्व्हच्या रेडिओंसाठी ट्यूब बनायच्या. आज मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी ईएल८४ ची जुळलेली जोडी मागून बघा.

नव्याचं दुकानही काही वेगळं नाही. व्हॉल्यूम दोनच्या वर नेऊ देत नाहीत, म्हणजे पॉवर ट्यूबांवर भार पडलेलाच ऐकू येत नाही. काऊंटरवर वर्षभर बडवलेला डिस्प्लेचा अ‍ॅम्प नवीन म्हणून खोक्यात जातो. आणि एका दुकानात तर स्पीकरची वायर काढून अ‍ॅम्प चालू ठेवलेला! ट्यूब अ‍ॅम्पला भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं, सॉकेटवर ठिणगी पडते, खेळ खलास. विकणाऱ्याला एवढं ठाऊक नसेल तर त्याने युकुलेले विकावीत.

अ‍ॅम्प निदान अर्धा तास तापू द्या. थंड असताना नीट वाजणारा अ‍ॅम्प विसाव्या मिनिटाला खरखरतो, कारण गरम होऊन ड्राय सोल्डर सुटतं. फेंडरच्या हॉट रॉड डिलक्समधले ४७० ओहमचे ५ वॅटचे दोन रेझिस्टर याच कारणाने बदनाम आहेत. प्रत्येक ट्यूबवर पेन्सिलीने हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखा आवाज किंवा शिट्टी आली तर ती ट्यूब गेली. नॉब फिरवताना आवाज संशयास्पद गुळगुळीत वाटला तर वास घ्या, आदल्या रात्री मारलेला क्लीनरचा स्प्रे कळतो. आणि हे करू न देणाऱ्याच्या घरातून चहा न पिता निघा.

सोमवारी तीच जाहिरात पुन्हा वर आली. तेच पाच फोटो, 'मिंट'च्या जागी 'एक्सलंट', किंमत तीच. फ्यूजवरचा कागद, कापलेली पिन, पांढरी ट्यूब, एका शब्दाचाही उल्लेख नाही. पुण्यात १५ वॅटचा, दोन ईएल८४ चा अमेरिकन कॉम्बो बघायला कुणी निघालं असेल तर स्क्रूड्रायव्हर सोबत न्या आणि गिटार हातात घेण्याआधी फ्यूज होल्डर उघडा.