एकीला कॅन्सर, एक टकली

“सहा पोनी. एकीला कॅन्सर. एकीचे दोन्ही डोळे मेलेले. एक टकली. एकीच्या शेपटीला गंज.”

खिडकीपलीकडच्या बाईंनी हे सगळं खणखणीत आवाजात वाचलं, कागद खाली ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझ्यामागे पार्सल सोडवायला आलेल्यांची भलीमोठी रांग होती. इतका वेळ ती कुरकुरत होती, आता चिडीचूप झाली.

“खेळणी आहेत,” मी म्हटलं.

“मग कॅन्सर कसा?”

विकणारी बाई परदेशातली आणि जीवघेणी प्रामाणिक. ‘मालाचे वर्णन’ या रकान्यात ‘प्लॅस्टिकची खेळणी’ एवढं खरडून मोकळी झाली असती तर तिचं काय जात होतं? पण नाही. माय लिटल पोनी नावाची ही जुनी खेळणी जमवणाऱ्या आम्हा संग्राहकांच्या बोलीत तिने एकेकीची तब्येत लिहून काढली होती. पोनी कॅन्सर म्हणजे जुन्या प्लॅस्टिकवर उमटणारे तपकिरी ठिपके. ते शेजारच्या पोनीला लागतात की नाही यावर आमच्यात कडाक्याची भांडणं होतात, पण निदान शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. खिडकीपलीकडे तो ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

“प्राणी असतील तर पशुवैद्याचा दाखला लागेल.”

“प्राणी नाहीत हो. एवढ्याशा खोक्यात सहा घोडे मावतील का?”

“मला काय माहीत? इथे पोनी लिहिलंय.” मग त्यांनी खोक्याकडे पाहिलं, माझ्या केसांकडे पाहिलं आणि आवाज एकदम मवाळ केला. “नातीसाठी का?”

माझं वय नात असण्याचं नाही. म्हणजे हिशेब मांडला तर बसतो, पण तो मांडायला कुणी सांगितलं होतं? “माझ्यासाठी,” मी म्हटलं. बाईंचा मवाळपणा आला तसा गेला. “उघडा,” त्या म्हणाल्या.

टेप फाडली, कागदाचे बोळे काढले आणि सहाही जणींना खिडकीच्या कट्ट्यावर उभं केलं. एक राखाडी, दोन पांढऱ्या शिंगवाल्या, एक निळी, एक खड्यांच्या डोळ्यांची (खड्यांची चमक गेली की आम्ही डोळे मेले म्हणतो), आणि एक सो सॉफ्ट, म्हणजे जिच्या अंगावर मुळात मखमली लव असते आणि खेळून खेळून ती झडली की जिला आम्ही टकली म्हणतो. एवढ्यात माझ्या खांद्यावरून एक लांबलचक हात आला आणि राखाडी पोनी उचलून घेऊन गेला.

मागे वळून पाहिलं तर एक उंच, काटकुळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. काठी काखेत मारून त्यांनी पोनी उजेडात धरली होती.

“काका, जरा हळू. ती जुनी आहे.”

“बाई, मी आयुष्य घोड्यांत काढलंय.”

“म्हणजे काय करत होता?”

“घोडे,” ते म्हणाले. त्यापुढे तपशील दिला नाही.

पुढचा काही वेळ जे चाललं त्याला तपासणीच म्हणावं लागेल. आधी त्यांनी अंगठ्याने तिचे ओठ फाकवायचा प्रयत्न केला.

“तोंड उघडत नाही?”

“नाही.”

“मग वय कसं कळायचं? घोड्याचं वय दातांवरून.”

“यांचं खुरांवर लिहिलेलं असतं,” मी म्हटलं आणि वर ऐटीत जोड दिली, “खुरावरून सगळं कळतं.”

हे वाक्य त्यांना भलतंच पटलं. मान डोलावत त्यांनी पोनी उलटी केली, तळव्यावर फुंकर मारली, नखाने खरवडलं (माझ्या पोटात गोळा आला) आणि मिशीत पुटपुटले, “सपाट.”

“हो ना!” मी हरखले.

“हो ना काय? निरोगी घोड्याचा तळवा वाटीसारखा खोलगट असतो. हा सपाट. चार पावलं खड्यांवरून चालवलात की लंगडणार. घेऊ नका.”

“घेतलीय.”

“परत करा.”

“काका, सपाट आहे म्हणूनच तर घेतलीय.”

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. पण माझं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. हॅस्ब्रो या अमेरिकी खेळण्यांच्या कंपनीने १९८२-८३च्या सुमारास माय लिटल पोनीच्या पहिल्या सहा जणी आणल्या: कॉटन कँडी, ब्लू बेल, बटरस्कॉच, मिंटी, ब्लॉसम आणि ही राखाडी अंगाची, गुलाबी आयाळीची, पुठ्ठ्यावर म्हणजे मागच्या मांडीवर बदामांची नक्षी असलेली स्नझल. सगळ्यात आधी आलेल्यांचे तळवे सपाट होते. पुढे त्याच सहा जणी खोलगट तळव्यांनी आल्या. रंग तोच, आयाळ तीच, उभं राहण्याची ढब तीच. कपाटात शेजारी शेजारी ठेवा, ब्रह्मदेवालाही फरक सांगता यायचा नाही. उलट्या करा, लगेच कळेल. म्हणून आम्ही लोक कुठेही पोनी दिसली की पहिल्यांदा तिचे पाय वर करतो. आणि इथे एक परका माणूस नेमकं तेच करत होता, बरोबर जागा बघत होता, बरोबर फरक ओळखत होता आणि निकाल मात्र नेमका उलटा देत होता. ज्याला काहीच कळत नाही त्याचा राग येत नाही. ह्यांचा आला.

शेपटीच्या बुडाशी तांबूस डाग दिसला तेव्हा ते म्हणाले, “इथे जखम चिघळलीय.” मी सांगितलं की आत शेपूट अडकवायला लोखंडी चकती असते, मुलं पोनीला अंघोळ घालतात, पाणी आत शिरतं आणि चकती गंजते. अंघोळीसाठी कंपनीने निराळ्या सी पोनी काढल्या होत्या, पण मुलांना हे सांगणार कोण? “घोड्याला अंघोळ घालायचीच,” ते म्हणाले, “पण मग पुसायला नको?” यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

मग त्यांनी एक पांढरी उचलली.

“हे कपाळावर काय? गळू?”

“शिंग आहे.”

“घोड्याला?”

“हो.”

“कापून घ्या,” त्यांनी सल्ला दिला. रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. “हे ज्याने बनवलं त्याने जन्मात घोडा पाहिला होता का?”

“त्याने नाही, तिने. आणि चांगला पाहिला होता. बॉनी झॅकर्ले नाव तिचं. तिचे वडील पशुवैद्य होते.”

काका गप्प झाले. मला वाटलं जिंकलो. मी संधी साधून पुढचंही सांगून टाकलं, की आधी १९८१मध्ये कडक प्लॅस्टिकची, दहा इंची माय प्रिटी पोनी आली होती. हनुवटीखाली कळ दाबली की ती कान हलवायची, शेपूट उडवायची आणि एक डोळा मिचकवायची. मग तीच कल्पना लहान झाली, मऊ झाली, रंगीत झाली, आणि जगभरच्या पोरींनी तिच्या आयाळी विंचरून विंचरून पार पिंजून टाकल्या. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“वडील पशुवैद्य होते म्हणता. मग त्यांनी काही सांगितलं नाही तिला?”

एव्हाना खिडकीतल्या बाई कंटाळल्या होत्या. “या दोन एकच ना?” पांढऱ्यांकडे पेन रोखून त्यांनी विचारलं. “पांढरा घोडा, नग दोन, असं लिहिते.”

“एकच नाहीत! ही मूनडान्सर, ही ग्लोरी. हिची आयाळ लालसर, पुठ्ठ्यावर चंद्रकोर आणि चांदण्या. हिची जांभळी-निळी आणि पुठ्ठ्यावर उल्का. तिसरी एक पांढरी असते, मॅजेस्टी, ड्रीम कॅसल या खेळण्यातल्या किल्ल्याबरोबर येणारी, पण तिची आयाळ निळी, आणि ती यात नाही.”

“जी नाही ती कशाला सांगताय?”

म्हणजे काय, राहवलं नाही! माझे दीर नाणी गोळा करतात. सालाखाली इवलासा ठिपका आहे की चौकट आहे हे भिंगातून तासन्‌तास बघतात, कारण त्यावरून टांकसाळ कळते. घरात पाहुणे आले की त्यांना हाक मारून बोलावलं जातं, अल्बम उघडला जातो, आणि सगळे ‘वा! केवढा अभ्यास!’ म्हणतात. मीही इवलं अक्षर भिंगातून बघते. हाँगकाँग की चीन, इटली की स्पेन, की टापेवर देशाचं नावच नाही. ब्राझील, मेक्सिको, अर्जेंटिना, ग्रीस इथे स्थानिक कंपन्यांनी परवान्यावर काढलेल्या, भलत्याच रंगांच्या पोनी असतात, त्यांना आमच्यात निर्वाणा म्हणतात आणि त्या मिळाव्यात म्हणून माणसं वर्षानुवर्षं टपून बसतात. शिवाय नकली असतात, त्या फेकी. पण पाहुण्यांपुढे माझं कपाट येत नाही. माझ्याबद्दल ‘अगं, ती अजून खेळते’ असं खालच्या आवाजात सांगतात. धातूचं, तपकिरी आणि पुरुषाच्या हातात असलं की छंद. गुलाबी असलं की बालिशपणा. दीरांचा यात दोष नाही, बिचारे भिंग उसनं देतात. पण मला हे लागतं, आणि हसून सोडून द्यायचा आता कंटाळा आलाय.

“मॅडम,” मी खिडकीत वाकून म्हटलं, “अमेरिकेत रोचेस्टरला खेळण्यांचं राष्ट्रीय मानाचं दालन आहे. २०२४मध्ये या पोनींना त्यात जागा मिळाली.”

“तिथे पाठवायचंय का हे?”

“नाही.”

“मग साल सांगा. किती जुनं?”

काकांनी तत्परतेने तळवा पुढे केला. “१९८३,” बाईंनी वाचलं आणि लिहू लागल्या.

आता खरं तर मी गप्प बसायला हवं होतं, पण चुकीची नोंद माझ्याच्याने बघवत नाही. “ते साल बनवल्याचं नसतं हो. ते साच्याच्या हक्काचं. त्याच साच्यातून पुढेही काढायचे, साल तेच राहायचं.”

पेन थांबलं. “म्हणजे यावर खोटं लिहिलंय?”

“खोटं नाही. वेगळ्या गोष्टीचं आहे.”

“मालावर साल एक, माल दुसऱ्या सालचा. आणि कागदावर कॅन्सर.” बाईंनी पाठीमागे कुणाला तरी हाक मारली. ते आले, त्यांनी टकलीला बोटाने ढकलून आडवी पाडली, कागद वाचला, हसले आणि गेले. बाईंनी आधीचं सगळं खोडून एकाच ओळीत लिहिलं: ‘जुनी वापरलेली खेळणी, खराब अवस्थेत, किरकोळ.’ खाली माझी सही.

खराब अवस्थेत ठीक आहे. कॅन्सर आहे, गंज आहे, मी नाकारत नाही. पण सपाट तळव्याची स्नझल किरकोळ? मी सही केली, कारण मागे रांग होती आणि रांगेतले लोक आता मला सल्ले देऊ लागले होते. एकाने टकलीला गोंद लावून भुसा चिकटवा असं सुचवलं.

खोकं पुन्हा बांधताना काका शेजारीच उभे. त्यांचं पार्सल म्हणजे एक पातळसं पाकीट होतं, ते त्यांनी केव्हाच खिशात घातलं होतं, तरी जात नव्हते.

“आमच्या मुलीचे आहेत असले रंगीत घोडे. माळ्यावर. खोकंभर.”

माझ्या हातातली टेप कशाला चिकटली कोण जाणे. “खोकंभर? कुठल्या?”

“ते कोण बघतं? एक पांढरा आहे शिंगवाला, एवढं आठवतंय. त्याचीही तीच भानगड.”

“आयाळ कोणत्या रंगाची, काका? लालसर, की जांभळी, की निळी?”

“घोड्याची आयाळ बघून कुणी घोडा घेतो का, बाई?”

मी माझा फोन नंबर लिहून दिला. फोटो पाठवा म्हटलं, जमेल तितके पाठवा, मुलीला विचारा, घाई नाही. घाई होती, पण तसं दाखवायचं नसतं हे एव्हाना मला कळतं.

त्यांनी शब्द पाळला. काल फोटो आले. उत्तम उजेडात, स्वच्छ पुसून, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले. पुढचा उजवा तळवा. पुढचा डावा. मागचे दोन. खोलगट, हाँगकाँग, १९८३. चारही खूर असे नितळ दिसतायत की संग्राहकांच्या मेळाव्यात दाखवावेत. त्यांच्यावरचा घोडा एकाही फोटोत नाही.

मी लिहिलं, काका, कृपा करून आयाळीचा एक फोटो पाठवा. पुठ्ठ्याचा पाठवलात तरी चालेल.

उत्तर आलं: “गरज नाही. खुरावरून सगळं कळतं, तुम्हीच म्हणालात. हा निरोगी आहे. घ्यायचा तर हा घ्या, तो सपाट परत करा.”