दिसत नाही त्याला काय घाबरायचं!

प्लांटला कार्बन नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची, पावडर येणार म्हणून टेन्शन घेतलंय? सोडा हो. नॅनो म्हटलं की आपल्याला २००८ ची लाखाची गाडी आठवते. त्याच वर्षी एडिनबराच्या शास्त्रज्ञांनी लांब नॅनोट्यूब उंदरांच्या पोटात टोचून बघितल्या आणि आत अॅस्बेस्टॉससारखी सूज आली, पण उंदीर काय आपल्या पेरोलवर नाहीत, विषय संपला.

पहिलं काम म्हणजे सेफ्टी डेटा शीट, मालासोबत येणारा धोक्यांच्या माहितीचा कागद, फाईलला लावा. त्यात कधीकधी नॅनोट्यूबसमोर चक्क पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटची हवेतल्या धुळीची मर्यादा छापलेली असते. अमेरिकेत फुफ्फुसात जाणाऱ्या कृत्रिम ग्रॅफाइटच्या धुळीला घनमीटरला ५ मिलिग्रॅम चालते, आणि तिथल्याच नायॉशने (कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणारी सरकारी संस्था) २०१३ मध्ये नॅनोट्यूबसाठी सुचवलं १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ५००० पट कमी! तुम्ही मोठाच आकडा धरा, माणसाने मन मोठं ठेवावं. शेवटी कार्बन तो कार्बन, शाळेत पेन्सिली चावल्याच की आपण. आणि आपल्या जुन्या फॅक्टरी अॅक्टच्या मर्यादांच्या यादीत नॅनोचा वेगळा रकानाच नव्हता, मग साहेब विचारणार काय?

धूळ मोजायचीच झाली तर वजनाने मोजा. असले कण लाखोंनी असले तरी काटा हलत नाही, रिपोर्टवर 'समाधानकारक' लिहून मोकळं व्हायचं.

पावडरची पिशवी उंचावरून मिक्सरमध्ये रिकामी करा आणि बाजूला पेडेस्टल फॅन फुल्ल. धूळ ओढून घेणाऱ्या एक्झॉस्ट हूडला पैसे पडतात, फॅन फुकटात सगळं शेजारच्या डिपार्टमेंटला वाटून टाकतो. शिफ्ट सुटली की एअर गनने अंगावरचे कपडे झटका, बारीक धूळ अडवणारा हेपा व्हॅक्यूम बिक्यूम ब्रोशरमध्ये छान दिसतो. मी होतो तिथे आम्ही हेच करायचो, रुमालात दोन दोन दिवस काळं यायचं, आणि तोच शर्ट घरी पोराच्या युनिफॉर्मसोबत धुवायला.

मास्कचं एक गुपित सांगतो, कुणाला बोलू नका. एन-९५ अतिबारीक कण बऱ्यापैकी धरतो, कारण ते सरळ जातच नाहीत, भिरभिरत धाग्याला चिकटतात. घोळ होतो तो गालाजवळच्या फटीत. म्हणून मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का बघणारी फिट टेस्ट अजिबात करायची नाही, दाढीवाल्यालाही तोच मास्क, नाहीतर सरळ कापडी द्या, लोगो छापून.

एवढं करूनही कुणी खोकलाच तर गूळ द्या. छातीतली धूळ गुळाने उतरते हे आपल्याकडे हेल्परपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. बिल तेवढं सेफ्टीच्या खात्यात टाका, मार्चमध्ये तिथे काहीतरी खर्च दाखवावा लागतो.